अश्मकाची इर्जिक

ज्या माणसाला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही त्यानं राज्य चालवायच्या भानगडीत पडू नये, असं रुख्मिणीबाईंचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी नवऱ्याला पहिल्याच रविवारी ऐकवलं होतं. नवरा म्हणजे बन्सीधर कौसडीकर, सेलूच्या कापसाच्या बाजारात कारकून. हा गृहस्थ आठवडाभर दुसऱ्यांच्या कापसाच्या गाड्या मोजायचा आणि रविवारी अश्मक नावाच्या देशाचा राजा असायचा. देश दर रविवारी बुडायचा. सोमवारी सकाळी राजा सायकलला टांग मारून पुन्हा गाड्या मोजायला हजर. त्यामुळं जगाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते बन्सीधरचं.

मूळ सगळा घोळ व्यंकटरावांच्या जावयानं घातला. व्यंकटराव म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, स्टेशन रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहणारे. जावयानं पुण्याहून येताना एक खेळ आणला. जावयानं आणलेली वस्तू माळ्यावर टाकायची सोय नसते, तो पुढच्या खेपेला विचारतो. तेव्हा व्यंकटरावांनी ती पेटी बैठकीत उघडली आणि रविवारी येणाऱ्या मंडळींना कामाला लावलं. आत पुठ्ठ्याचा पट, पटावर प्राचीन भारताचा नकाशा, लाकडाचे हत्ती, फासे आणि नियमांची पुस्तिका. राज्यं पाच: मगध, कोसल, अवंती, वत्स आणि अश्मक. पहिल्या चौघांनी एकमेकांचे मुलूख जिंकत सुटायचं. अश्मकाकडं मात्र हत्ती दोनच, म्हणून पुस्तिकेला त्याची दया आली होती. त्यानं काही जिंकायचं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत राजधानी टिकवली की तो जिंकला. वाचायला हे सोपं वाटतं. भाड्याचं घर, कारकुनाचा पगार आणि शाळेतली दोन पोरं ज्याच्या नशिबी आहेत त्याला विचारा, नुसतं टिकणं काय असतं ते.

राज्यांची वाटणी मानाप्रमाणे झाली. मगध व्यंकटरावांनी घेतला, कारण घर त्यांचं, खेळ त्यांचा आणि चहाही त्यांचाच. शिवाय नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे जंक्शन हाय. जंक्शन माझ्याकडंच पाहिजे." किशनराव वकिलांनी अवंती उचलली. वकील निजामाच्या काळात हैद्राबादेत उर्दूतून शिकलेले, साधा पेरू मागायचा तरी अर्ज पेश केल्यासारखा मागायचे. दत्तराव हे बोरीचे शेतकरी, पोरांच्या शाळेपायी सेलूत घर केलेले. त्यांनी कोसल घेतला, का तर तिथली जमीन नकाशात काळीभोर छापली होती. हायस्कुलात इतिहास शिकवणारे मुंजाजी खंदारे सर शांतपणे म्हणाले, "मला वत्स चालंल." मागं उरला अश्मक आणि मागं उरला बन्सीधर, तेव्हा दोघांची गाठ पडली.

त्याचं पडलेलं तोंड पाहून खंदारे सरांनी त्याला धीर दिला, आणि तिथंच खरं नुकसान झालं. सर म्हणाले, "कौसडीकर, मन लहान करू नका. जुन्या बौद्ध ग्रंथांत अश्मक गोदावरीच्या काठी सांगितलाय. बाकीची राज्यं तिकडं लांबची. आपल्या मातीतलं म्हणाल तर हे एवढं एकच."

बन्सीधरची छाती तिथल्या तिथं फुगली. सोमवारी त्यानं बाजारात ही बातमी सांगितली, म्हणजे आपण सध्या कोण आहोत हे सांगितलं. दुपारपर्यंत हमालापासून अडत्यापर्यंत सगळे त्याला 'अश्मकराजे' म्हणायला लागले. "राजे, तेवढी गाडी काट्यावर घ्या की." आता आपल्याकडं एकदा नाव पडलं की ते पडलं. माणूस मेला तरी तिरडीवर तेच नाव चालतं. बन्सीधरला याची काळजी नव्हती. आपण अश्मक टिकवू आणि मग हेच नाव लोक आदरानं घेतील, अशी त्याची खात्री होती.

पहिल्या रविवारी अश्मक चहा येण्याआधी बुडाला. दुसऱ्या रविवारी चहा पार्वतीबाईंनी, म्हणजे व्यंकटरावांच्या मंडळींनी, जरा लवकर आणला म्हणून चहानंतर बुडाला. मग बन्सीधरनं मुत्सद्देगिरी करायचं ठरवून अवंतीशी तह केला. वकिलाशी तह करणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. किशनरावांनी कागदावर सुंदर अक्षरात मुआहिदा, म्हणजे तहनामा, लिहिला, बन्सीधरनं आदरानं सही केली आणि पुढच्याच फेरीत अवंतीचे हत्ती राजधानीत शिरले. "कलम तीन वाचलं न्हाई का आपण?" वकील म्हणाले, "दोस्ताच्या घरात आमाला आमदरफ्तीची, येण्याजाण्याची, मुभा हाय." त्या दिवशी दार उघडताना रुख्मिणीबाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "आज च्याच्या आधी पडलं का नंतर?" बन्सीधर तडक हातपाय धुवायला गेला.

होता होता एका रविवारी व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. स्टेशनमास्तर असताना गाडी रद्द झाल्याचं सांगायच्या आधी ते असाच चष्मा पुसायचे म्हणतात. "कौसडीकर, राग मानू नका. पण खेळाला रंग येत न्हाई. तुमी लवकर पडता अन् मंग बसून राहता. बँकेत नवे म्यानेजर आलेत, त्यांना बुद्धिबळ येतं. तवा अजून एक आयतवार बघू. अश्मक शेवटपर्यंत टिकला तर बेस. न्हाईतर पुढच्या आयतवारापासून तुमच्या जागी म्यानेजर."

बाकीचे तिघं पटाकडं बघत राहिले. बन्सीधरनं "बराबर हाय" म्हणून मान डोलावली आणि घरी येताना सायकल हातात धरून चालत आला. लोकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण सबंध सेलूत ही एकच बैठक अशी होती की जिथं त्याला कुणी 'अहो कारकून' म्हणत नव्हतं. तिथं वकील त्याच्याशी तह करत, स्टेशनमास्तर त्याच्यावर स्वारी करत. फसवत का होईना, बरोबरीनं फसवत. ती जागा गेली तर रविवारी करायचं काय, हा विचार मनात आला आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

त्यात सरकारनं भर घातली. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. कुठं मोर्चा, कुठं बंद, कुठं नुसतीच आवई. जरा खुट्ट झालं की जमावबंदी लागायची. बैठकीतही तो विषय निघायचा. खंदारे सर मोर्चात पायी चाललेले, त्यामुळं त्यांचं मत सगळ्यांना माहीत होतं. व्यंकटरावांना विचारलं तर ते "अजून सिग्नल पडला न्हाई" एवढंच म्हणायचे, आणि दोघांची मैत्री तरीही टिकून होती. त्या आठवड्यात शुक्रवारी कर्णा लावलेली जीप गावातून फिरली: पाच किंवा पाचाहून अधिक माणसांनी एकत्र जमायचं नाही. चौघांना चिंता नव्हती. चौघं म्हणजे जमाव नव्हे. जमाव व्हायचा तो बन्सीधर पोचला की.

दुसरा कुणी घरी बसला असता. बन्सीधर शनिवारी खेळाच्या परवानगीचा अर्ज घेऊन कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "अश्मक ही संघटना हाय का?"

"न्हाई साहेब. राज्य हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "येगळं राज्य मागायलात?"

"मागत न्हाई हो. हायच ते. म्हणजे होतं, अडीच हजार वर्षांमागं."

"मंग आता कामून अर्ज करायलात?"

"टिकवायचंय," बन्सीधर म्हणाला.

"हे येतं कुठं?"

"गोदावरीकाठी."

साहेबांचा चेहरा उजळला. "मंग आमच्या हद्दीत न्हाईच की! तिकडं सोनपेठच्या बाजूला गोदाकाठ ज्याच्याकडं येतो त्याच्याकडं द्या." बन्सीधरनं समजावलं की राज्य तिकडं असलं तरी राजा सेलूतच राहतो. यावर साहेबांनी नापसंतीनं मान हलवली. "म्हंजे राजा मुख्यालयी राहत न्हाई. तरीच पडत असंल." बन्सीधरच्या तोंडचं पाणी पळालेलं पाहून मात्र त्यांना दया आली असावी. आवाज खाली आणून ते म्हणाले, "असं करा, चौघं आत बसू द्या. तुमी खिडकीच्या भाईर उभं राहा. मधी भिंत आली का जमाव तुटला. कायद्यात भिंतीला लय किंमत हाय."

म्हणून त्या रविवारी चौघं राजे गादीवर मांडी घालून बसले आणि पाचवा गल्लीत, खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. खिडकी उंच. टाचा वर केल्या तर पट दिसायचा, टाचा टेकल्या तर फक्त व्यंकटरावांचं टक्कल दिसायचं. "हा आपला विंध्य," खंदारे सर भिंतीकडं बघून म्हणाले, "अश्मक त्याच्या पल्याडच होता. इतिहासाला धरून चाललंय." बन्सीधरचे हत्ती त्याच्या सांगण्यावरून दत्तराव हलवत. गंमत म्हणजे यात अश्मकाचा फायदा झाला. बन्सीधर दिसत नसल्यामुळं बाकीच्यांना त्याची आठवणच राहिली नाही. ते आपसात लढत राहिले आणि चहा येऊन गेला तरी अश्मक उभा होता. पार्वतीबाईंनी त्याचा चहा गजातून दिला.

पण गल्ली म्हणजे काही दंडकारण्य नव्हे. खिडकीला लटकलेला माणूस पाहून पहिल्यांदा शेजारचे एक म्हातारबुवा थांबले. "आत कोण शिरीयस हाय?" त्यांनी विचारलं. बन्सीधर पटात गुंतलेला. तो म्हणाला, "वत्साचं काही खरं न्हाई." म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि हात जोडून उभा राहिला. त्याला पाहून आणखी दोघं थांबले. वत्स कोण, कुणाचा, कधीपासून आजारी, याची चौकशी सुरू झाली. आतून खंदारे सरांचा ठणठणीत आवाज आला तेव्हा म्हाताऱ्यानं टोपी परत घातली. पण तो गेला नाही, त्याला आता खेळ बघायचा होता.

त्यानंतर बायनाबाई आली, तिची शेळी आली आणि अश्मकावर दुष्काळ आला. झालं असं, खेळातल्या धान्याच्या चकत्या व्यंकटरावांच्या नातवानं हरवल्या होत्या, म्हणून चकत्यांच्या जागी खरी ज्वारी वापरत. प्रत्येक फेरीच्या शेवटी ज्याच्या मुलखात हत्ती असतील त्यानं त्यांना ज्वारी घालायची. जो हत्ती उपाशी राहील तो पटावरून उचलायचा, असा नियम. बन्सीधर बाहेर, म्हणून त्याचं कोठार खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेलं. बायनाबाई कोपऱ्यावरच्या घरातली, जिभेनं तिखट पण मनानं मायाळू बाई. ती "काय चाललंय रे बाबा" म्हणून टाचा उंचावेपर्यंत शेळीनं पुढचे पाय भिंतीला लावले आणि अश्मकाचं कोठार साफ केलं.

"माझ्या शेळीला काय घरी खायाला न्हाई व्हय?" बायनाबाई आधी भांडली. मग शेळीच्या दाढीला लागलेली ज्वारी दिसली आणि ती गप्प झाली. आत मोठा पेच पडला. व्यंकटराव म्हणाले, माल फलाटावरून गेला, स्टेशनची जबाबदारी नाही. बन्सीधर म्हणाला, आसमानी संकट आहे. किशनराव वकील मांडी बदलून बसले. "आसमानी न्हाई अन् सुलतानीबी न्हाई. शेळी पाचापैकी कुण्याच राज्याची रयत न्हाई. सबब, निम्मं धान्य परत मिळावं." वकिलानं आपली बाजू घेतल्याचं पाहून बन्सीधरला इतकं भरून आलं की मागच्या मुआहिद्याचा राग तो विसरला. निम्मी ज्वारी परत मिळाली. ती त्यानं खिशात ठेवली.

एव्हाना गल्लीत चांगलीच गर्दी झाली होती. बाजारातले दोन हमाल आले, त्यांनी "राजे, राजे" करून बाकीच्यांना माहिती पुरवली. सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, हत्ती लपवून ठेवा. एक म्हणाला, मगधाला पोरगी द्या. खेळात पोरगी नाही असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग असला कसला खेळ. आणि आत चार, बाहेर एक असा जो कायदेशीर हिशेब कचेरीनं घालून दिला होता तो बाहेरच्या बाजूनं पार कोलमडला. कोपऱ्यावर शिट्टी वाजली आणि हवालदार काठी आपटत आला.

"कशाचा जमाव हाय ह्यो?"

"अश्मकाचा," म्हातारबुवा अभिमानानं म्हणाले.

हवालदारानं डायरी काढायला हात घातला. पण आधी पुरावा बघावा म्हणून तो खिडकीशी गेला. तो उंच होता, त्याला टाचा वर करायची गरज नव्हती. "ह्यातले तुमचे हत्ती कोणचे?" त्यानं बन्सीधरला विचारलं.

"ते खालचे दोन."

"दोनच?" हवालदारानं डायरीवरचा हात काढला. मग वळून लोकांवर ओरडला, "चारचारचे घोळके करा! मधी हातभर जागा सोडा! कुणी मधात येऊ नका, खेळ चालू हाय!" लोकांनी मुकाट्यानं घोळके केले. हवालदार स्वतः कुठल्याच घोळक्यात बसत नव्हता, म्हणून तो खिडकीपाशीच थांबला.

शेवटून दुसरी फेरी आली. अश्मक इथवर कधी पोचलाच नव्हता. पण खिशातली ज्वारी संपत आलेली, आणि शेवटच्या फेरीसाठी हत्तींच्या तोंडात घालायला दाणा नाही. अश्मकाच्या वाट्याला एक मोठं जंगल होतं. ते तोडून पेरणीचं रान केलं तर लगेच धान्याची रास मिळत होती. पण जंगल तोडायला डझनभर हत्ती हवे, आणि याच्याकडं ते खालचे दोन. बन्सीधरनं ही अडचण मोठ्यानं बोलून दाखवली.

शेळीच्या अपराधानं बायनाबाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आन् इर्जिक घाला की! एकट्यानं कशाला मरायलात?"

इर्जिक म्हणजे काय हे त्या गल्लीत कुणाला सांगायची गरज नव्हती. ज्याचं रान नांगरायचं राहिलं त्यानं गावाला सांगावं. गाव आपापले बैल घेऊन येतं, एका दिवसात रान उलटं करून देतं. मजुरी नाही. रानाच्या धन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच व्यवहार. बन्सीधरनं गजाला तोंड लावून आवाज दिला, "मंडळी, अश्मकात इर्जिक हाय. हत्ती घेऊन या."

आत दत्तरावांनी हातातला फासा ठेवला. "किती बैल लागतात?"

"हत्ती, दत्तराव."

"तेच ते. माझे समदे घ्या. इर्जिकीला न्हाई म्हणलं तर बोरीत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." आणि त्यांनी कोसल मोकळा टाकून सगळे हत्ती खाली ढकलले. मित्रसेनेला दुसऱ्याच्या मुलखात जाता येतं, फक्त त्या फेरीत हल्ला करता येत नाही, असा नियम पुस्तिकेत होता. आजवर कुणी वापरला नव्हता. खंदारे सरांनी हसत हसत वत्साचे हत्ती पाठवले. वकिलांनी "बसर-ओ-चश्म", म्हणजे शिरसावंद्य, म्हणून अवंतीचे पाठवले. आणि व्यंकटरावांनी सगळ्यात शेवटी, चष्मा पुसून, मगधाचे झाडून सगळे हत्ती अश्मकाच्या राजधानीला खेटून उभे केले. त्यांचा डाव हवालदारालाही दिसला. या फेरीत हल्ला नाही, पण पुढच्या फेरीला हत्ती दारातच उभे. तेव्हा जंगल तोडू द्यावं आणि मग राजधानी उचलावी.

जंगल तुटलं. अश्मकाला रास मिळाली. दत्तरावांनी ती गजातून बन्सीधरच्या ओंजळीत ओतली. मग खंदारे सर पुस्तिका चाळता चाळता थांबले. "फेरी संपली. आता चारा. नियम असा हाय की ज्याच्या मुलखात हत्ती उभे, त्यानं चारायचं." त्यांनी पुस्तिका मांडीवर ठेवली आणि पटाकडं पाहिलं. पाठोपाठ वकिलांनी पाहिलं, आणि व्यंकटरावांच्या हातातला चष्मा तसाच राहिला.

साऱ्या भारताचे हत्ती अश्मकात उभे होते. बन्सीधरनं आपल्या दोघांना चारलं आणि बाकीच्यांना उपाशी ठेवलं की मगध, कोसल, अवंती, वत्स, सगळ्यांचे हत्ती पटावरून उचलले जाणार. मग राजधानीवर चालून येणार कोण? अश्मक जिंकल्यातच जमा. बैठकीतली जागा पक्की. म्यानेजरनं खुशाल बँकेत बुद्धिबळ खेळावं.

बाहेरच्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, पण आलं तेव्हा गल्ली दणाणली. "उपाशी ठेवा राजे! एक दाणा टाकू नका!" हमालांनी आरोळी दिली. म्हातारबुवा काठी उगारून नाचायला लागले. हवालदार घोळके विसरून म्हणाला, "ठेवा उपाशी. मी हाय हितं, घाबरू नका."

बन्सीधर ओंजळीतल्या ज्वारीकडं बघत उभा राहिला. इतके रविवार त्याला या चौघांनी तुडवलं होतं. त्यानं टाचा वर करून आत पाहिलं. दत्तराव त्याच्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना नुसतं काही कळत नव्हतं. बोलावल्यावर बैल घेऊन आलेल्या माणसाला रानातून उपाशी परत पाठवतात, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बन्सीधरनंही पाहिलं नव्हतं. कौसडीला त्याच्या वडलांच्या रानात इर्जिक झाली तेव्हा आईनं घरातल्यांच्या भाकरी मागं ठेवून गड्यांना वाढलं होतं.

"जेवायला बोलावलंय," तो म्हणाला. "मी बोलावलंय त्यांना. दत्तराव, हात पुढं करा. आधी पाव्हण्यांना वाढा."

गल्लीतून निराशेचा मोठा उसासा निघाला. एक हमाल कपाळावर हात मारून खाली बसला. बायनाबाई तेवढी म्हणाली, "मंग? वाढायलाच पाहिजे." दत्तरावांनी एकेका हत्तीपुढं ज्वारी ठेवली, मगधाच्या हत्तींपुढं सुद्धा. रास पाव्हण्यांना पुरली, घरच्यांना उरली नाही. अश्मकाचे स्वतःचे दोन हत्ती उपाशी राहिले आणि नियमाप्रमाणं खंदारे सरांनी ते पटावरून उचलले. उचलताना त्यांनी ते हलकेच उचलले.

आता शेवटची फेरी. राजधानीत कुणी नाही, कोठारात दाणा नाही, आणि दाराशी मगधाचे हत्ती जेवून उभे. पहिली खेळी व्यंकटरावांची. त्यांनी फासे हातात घेतले, खुळखुळवले. बन्सीधरनं टाचा टेकवल्या. त्याला बघायचं नव्हतं, त्याच्यापुढं आता नुसतं व्यंकटरावांचं टक्कल होतं.

टक्कल बराच वेळ हललं नाही. मग फासे पटावर न पडता पेटीत पडल्याचा आवाज आला.

"जेवल्यावर हत्ती जड होतो," व्यंकटराव चिडक्या आवाजात म्हणाले, जणू कुणी त्यांच्याशी वाद घातला होता. "भरल्या पोटी लढाई होत असती का? समदे हत्ती घरला चाललेत. लाइन क्लिअर द्या." आणि ते एकेक हत्ती उचलून मगधात परत नेऊन ठेवायला लागले. वकील म्हणाले, "बजा फरमाया, बराबर बोललात." अवंतीचे हत्ती निघाले. वत्साचे निघाले. दत्तरावांनी कोसलाचे हत्ती नेताना त्या तोडलेल्या जंगलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रान झ्याक झालंय." फेरी संपली. पटावर अश्मकाचा एकही हत्ती नव्हता, आणि राजधानी जिथल्या तिथं होती.

गल्लीत आधी कुणाला कळेना, हे जिंकणं का हरणं. खंदारे सरांनी पुस्तिका खिडकीपाशी आणून तो नियम मोठ्यानं वाचला, तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या. हवालदारानं आपली सरकारी शिट्टी सगळ्यात जोरात वाजवली. बन्सीधर गज धरून नुसता हसत होता. पाय इतके दुखत होते की नाचायची ताकद नव्हती.

व्यंकटराव उठून खिडकीशी आले. गादीवर त्यांनी आपल्या शेजारची उशी सरकवून जागा केली होती. "भाईर काय उभं राहिलात? आत या, कौसडीकर. तुमच्या जागी बसा."

बन्सीधरनं हवालदाराकडं पाहिलं. चार आत होते. हवालदारानं शिट्टी खिशात घातली, गजातून डोकावून एकेकावर काठीचं टोक रोखत चौघांना मोजलं आणि मग बन्सीधरकडं पाहिलं.

"पंगत मोजताना आमच्याकडं यजमानाला धरत न्हाईत," तो म्हणाला. "जा आत."

बन्सीधरनं दाराशी चपला काढल्या आणि तो आत गेला.